वारीच्या गर्दीत साध्या वेशातला पोलीस खरा की तोतया? असं ओळखा

पिंपरी-चिंचवड / चाकण : "मावशी, पुढं चोरी झालीय. आम्ही साध्या वेशातले पोलीस. गळ्यातलं काढा, रुमालात बांधून देतो." आळंदी-देहूच्या वाटेवर किंवा चाकणच्या आठवडे बाजारात कोणी असं म्हणालं, तर एवढं पक्कं धरा : तो पोलीस नाही. असा रुमाल घरी जाऊन सोडला की आत खडे निघतात. फसवणुकीची ही रीत जुनी आहे. तिच्यात सापडतात ती बहुतेक वयस्कर माणसं.

गर्दीत साधा वेश कशासाठी?

तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला. आजही ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून तुकोबांची आणि अष्टमीला आळंदीतून माउलींची पालखी निघते. दर्शनाची रेटारेटी, आकुर्डीचा मुक्काम, रस्त्यावरची गर्दी हीच पाकीटमार आणि साखळीचोरांची संधी. खाकी दिसली की चोर बाजूला सरतो. म्हणून काही पोलीस टोपी-उपरणं घालून वारकऱ्यांतच मिसळतात.

गर्दीतल्या पोलिसाचं काम पूर्वी वेगळंही होतं. फ्रेझर आयोगाच्या (१९०२-०३) शिफारशीनंतर ब्रिटिशांनी प्रांतोप्रांती सीआयडी उभी केली. पुढाऱ्यांच्या सभेत काय बोललं जातं, ते पोलीस टिपून घेत. १९१६ साली लोकमान्य टिळकांवर कारवाई झाली, ती बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांच्या अशाच टिपणांवरून.

बूट आणि केसांवर जाऊ नका

"बारीक केस, लालसर बूट, ताठ चाल म्हणजे पोलीस" असं गावाकडं म्हणतात. पण बूट बाजारात मिळतात, केस कोणीही कापतो. गाडीवर 'पोलीस' लिहिलेलं स्टिकरही पुरावा नाही. माणूस वागतो कसा, ते बघा.

खरा पोलीस :
- दागिने काढायला किंवा रुमालात बांधायला सांगत नाही.
- नाव, हुद्दा आणि पोलीस ठाणं सांगतो.
- ओळखपत्र वाचू देतो. त्यावर फोटो, नाव, हुद्दा असतो. बक्कल नंबरही विचारता येतो.
- "चला, त्या गणवेशातल्या साहेबांकडं जाऊ" म्हटलं तर चिडत नाही.

तोतया :
- घाई करतो, कार्ड झटकन दाखवून खिशात घालतो.
- माणसाला बाजूला, आडोशाला नेतो.
- जोडीदार आणतो. तो अनोळखी असल्यासारखा आधी आपली साखळी काढून देतो, म्हणजे तुमचा विश्वास बसावा.

हद्द माहीत असू द्या

पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झालं. चाकण, आळंदी, देहूरोड, तळेगाव ही ठाणी त्यात आली. इथं तपास करते ती गुन्हे शाखा. राजगुरुनगर, मंचर, जुन्नर मात्र पुणे ग्रामीणमध्ये. तिथं स्थानिक गुन्हे शाखा, म्हणजे लोकांच्या तोंडची 'एलसीबी'. तपासासाठी एका हद्दीतले पोलीस दुसरीकडं येऊ शकतात. पण कोणत्या ठाण्यातून आलो, हेच ज्याला सांगता येत नाही, त्याच्यापासून सावध राहा.

कायदा काय सांगतो?

- अटक करताना पोलिसाच्या नावाची ओळख स्पष्ट दिसली पाहिजे. अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीनं व्हावा. सर्वोच्च न्यायालयानं डी. के. बसू खटल्यात १९९६ साली हे बंधन घातलं. आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये आहे.
- अटकेचं कारण सांगावं लागतं, नातेवाइकाला कळवावं लागतं. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावं लागतं.
- अटक केलेल्या माणसाच्या अंगावरच्या वस्तू ताब्यात घेतल्या तर पावती द्यावी लागते. महिलेची अंगझडती महिलेनंच, मर्यादा राखून घ्यायची.
- पोलीस असल्याची बतावणी करून तसं वागणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ नुसार किमान ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि दंड.

कोणी अडवलं तर

१. जागेवरून हलू नका. दिंडीतल्या माणसांना मोठ्यानं हाक मारा.
२. ओळखपत्र मागा. नम्रपणे ओळख विचारणं म्हणजे सरकारी कामात अडथळा नव्हे. धक्काबुक्की मात्र करू नका, माणूस खरा पोलीस असू शकतो.
३. शंका आली की ११२ लावा किंवा जवळच्या पोलीस मदत केंद्रात जा.
४. तोतया सापडला तरी मारहाण नको. गाडीचा नंबर टिपा, पोलिसांच्या ताब्यात द्या.

फसवणूक झालीच तर

लाजून गप्प बसू नका. बीड-परभणीहून आलेला वारकरीही जवळच्या कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवू शकतो, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. पहिल्या तासाभरात कळवलं तर सीसीटीव्हीवरून माग काढणं सोपं जातं.

घरातलं कोणी वारीला निघालं असेल, तर निघण्याआधी एकच गोष्ट समजावून सांगा : सोनं घरी ठेवा. नेलंच तर कोणाच्याही सांगण्यावरून गळ्यातून काढू नका, सांगणारा पोलीस म्हणवत असला तरी.