यंत्र आपले, भाषा कोणाची?

सांगलीच्या विश्रामबागेत १९४७ पासून अभियांत्रिकीचे शिक्षण मिळते. तिथल्या वालचंद महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स गटही आहे. म्हणजे आपल्या भागाला लिनक्स नवे नाही. तरीही दुकानातला जुना वजनकाटा लिनक्सच्या संगणकाला जोडला आणि काही घडले नाही, की ‘लिनक्सवर हे चालत नाही’ असा निकाल लगेच दिला जातो. मला हा निकाल घाईचा वाटतो. त्यामागचा इतिहास पाहिला, तर दोष नेमका कुठे शोधायचा तेही कळते.

१९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला. त्यात पहिल्या सिरियल पोर्टचा पत्ता ३एफ८ आणि इंटरप्ट ४ असा ठरलेला असे. दोन कार्डांनी एकच इंटरप्ट धरला, की गोंधळ. मग पेटी उघडून जंपर बदलायचा आणि लिनक्सला ‘सेटसिरियल’ या आज्ञेने नवा पत्ता सांगायचा.

१९९६ मध्ये यूएसबी आली आणि ओळख सांगण्याचे काम यंत्राकडेच गेले. जोडताक्षणी ते निर्मात्याचा आणि वस्तूचा क्रमांक सांगते. कर्नल तो क्रमांक आपल्या यादीत शोधते आणि जुळणारा ड्रायव्हर, म्हणजे दुभाषा, कामाला लावते.

म्हणून आज तीनच प्रश्न क्रमाने विचारावेत. ‘एलएसयूएसबी’च्या यादीत यंत्र दिसते का? नसेल, तर केबल बदलून पाहा. दिसत असेल, तर ‘डीमेसेज’मध्ये ‘टीटीवाययूएसबी०’सारखे नाव मिळाले का? नसेल, तर ड्रायव्हर लागलेला नाही. नाव मिळूनही दार उघडत नसेल, तर परवानगी आहे का? डेबियन आणि उबुंटूत वापरकर्ता ‘डायलआउट’ गटात असावा लागतो. गटात घातल्यावर एकदा लॉगआउट करून पुन्हा आत यायचे, हे बरेच जण विसरतात. एवढे करूनही अक्षरे विचित्र उमटली, तर दोन्हीकडचा वेग, म्हणजे बॉड रेट, सारखा आहे का ते पाहा.

पण दुभाषाच कुलूपबंद असेल तर? १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीत झेरॉक्सच्या प्रिंटरमध्ये कागद अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन यांना त्याचा प्रोग्राम सुधारायचा होता, पण मूळ सोर्स कोड नाकारला गेला. १९८३ मध्ये त्यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला, त्यामागे या अनुभवाचाही वाटा होता. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांचे लिनक्स आले आणि या दोन प्रवाहांचा संगम झाला.

२०१४ मध्ये उलटा प्रकार घडला. एफटीडीआय कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरने नकली चिपांचा ओळखक्रमांकच शून्य केला. चिप नकली आहे याची कल्पनाही नसलेल्या ग्राहकांची यंत्रे गप्प झाली. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला.

नकलेचे समर्थन मी करत नाही. पण पैसे मोजून घेतलेल्या यंत्राची भाषा दुसऱ्याच्या तिजोरीत असेल, तर ते यंत्र पुरते आपले झालेले नसते. इल्म वाटल्याने वाढतो, असे आपण म्हणतो. खुल्या ड्रायव्हरने ते खरे करून दाखवले. कंपनीने हात काढून घेतल्यावरही कितीतरी जुनी यंत्रे लिनक्सवर आज काम करत आहेत, आणि नवी यंत्रे परवडत नाहीत अशा छोट्या दुकानदाराची रोजी त्यावरच चालते.