सत्ता परत करणारा शहाणा

प्राचीन ग्रीकांनी आपल्यातील सात पुरुषांना 'शहाणे' ही पदवी दिली होती. ही यादी ग्रंथाग्रंथांतून थोडीफार बदलते. परंतु थेलीस, सोलॉन आणि बायस यांच्याबरोबर ज्याचे नाव बहुधा वगळले जात नाही, असा चौथा पुरुष म्हणजे लेस्बॉस बेटावरील मिटिलीनी नगरीचा पिटॅकस. त्याची वचने लोकांच्या जिभेवर राहिली. ती ज्या कारभारातून निपजली तो कारभार मात्र पुष्कळसा विस्मरणात गेला.

इ. स. पूर्व सातव्या शतकाच्या अखेरीस मिटिलीनी सरदार घराण्यांच्या भांडणांनी जर्जर झाली होती. पिटॅकस प्रथम नावारूपास आला तो योद्धा म्हणून. अथेन्सशी सिगियमबद्दल युद्ध जुंपले, तेव्हा त्याने ऑलिंपिक विजेत्या फ्रायनॉनशी द्वंद्व केले आणि ढालीआड लपविलेल्या जाळ्यात त्याला गुरफटवून ठार केले, अशी कथा आहे. पुढे हद्दपार सरदार शस्त्रे घेऊन परत येण्याच्या बेतात असता, इ. स. पूर्व ५९० च्या सुमारास नागरिकांनी त्याच्या हाती सर्वाधिकार सोपविले. ॲरिस्टॉटलने या पदाला निवडून दिलेली हुकूमशाही म्हटले आहे.

या हद्दपारांचा एक म्होरक्या होता कवी अल्सीयस. एके काळी दोघे एकाच कटात शपथबद्ध होते. पिटॅकसने ती शपथ मोडली, हा कवीचा आरोप. त्याच्या काव्यात पिटॅकसच्या कुळाची, पोटाची, पायांचीही निंदा आहे. आश्चर्य असे, की सत्ताधाऱ्याचे अधिकार कधीच लयास गेले आणि त्याला दिलेल्या शिव्या मात्र ईजिप्तच्या वाळूतील पपायरसच्या तुकड्यांवर टिकून राहिल्या. हाच अल्सीयस हाती सापडला, तेव्हा सूड घेण्यापेक्षा क्षमा बरी, असे म्हणून पिटॅकसने त्याला सोडून दिले, असे सांगतात.

परंतु हा क्षमाशील पुरुष कायद्याच्या बाबतीत मऊ नव्हता. मद्याच्या अमलाखाली केलेल्या गुन्ह्याला त्याने दुप्पट शिक्षा ठरविली. लेस्बॉस द्राक्षमद्यासाठी प्रसिद्ध. तेव्हा हा नियम लोकांना रुचणारा नव्हता. धुंदीत माणसाचे भान हरपते, म्हणून त्याला सवलत द्यावी, असे सहजच वाटते. पिटॅकसने उलट पाहिले: भान हरपू देणे हाच पहिला अपराध. यात त्याने दयेपेक्षा लोकहित अधिक मानले, असा ॲरिस्टॉटलचा अभिप्राय आहे. वैयक्तिक वैऱ्याला क्षमा आणि सार्वजनिक अपराधाला कठोरता, हा भेद राखणे किती कठीण असते, हे ज्याने कधी राज्यकारभाराची कागदपत्रे हाताळली आहेत तो जाणतो. व्यवहारात बहुधा याच्या उलटच घडते.

दहा वर्षांनी, घडी बसल्यावर, त्याने सर्वाधिकार खाली ठेवले आणि पुढील सुमारे दहा वर्षे तो साधा नागरिक म्हणून जगला. कोणी सक्ती केली नव्हती. लोकांनी दिलेली जमीनही त्याने देवकार्यास अर्पण केली, अशी परंपरा आहे. त्या बेटावर एक स्त्री जात्यावर दळताना पिटॅकसचे नाव गुंफलेले गाणे म्हणत होती, अशी आठवण प्लुटार्कने नोंदली आहे. जात्यावरच्या ओव्यांत वाढलेल्या मराठी कानाला त्या मानाची किंमत निराळी सांगायला नको.

चांगले असणे अवघड आहे, हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध वचन. पुढे कवी सायमोनिडीसने त्यावर आक्षेप घेतला आणि प्लेटोने 'प्रोटॅगोरस' या संवादात त्याचा कीस काढला: चांगले होणे कठीण, की चांगले राहणे कठीण? सॉक्रेटीसच्या त्या वादात विनोद पुष्कळ आहे. परंतु पिटॅकसच्या चरित्राकडे पाहिले म्हणजे प्रश्न निव्वळ शब्दांचा राहत नाही. सत्ता मिळेपर्यंत चांगले असणे अनेकांना साधते. ती हातात असताना चांगले राहणे थोड्यांना. आणि वेळ येताच ती परत करणे फारच थोड्यांना. ते वचन उच्चारणारा केवळ उपदेशक नव्हता. त्याने ती अवघड वाट चालून पाहिली होती.