कान ठणठणीत, तरी ऐकणं अवघड

आजच्या व्याख्यानाची सुरुवात वाकोल्यातल्या एका वर्गातून करू. जवळून पश्चिम द्रुतगती महामार्ग जातो, डोक्यावर विमानं. खिडक्या उघड्या, पंखा घरघरतोय. बाई सांगतात, 'पान पंचवीस काढा.' एक मूल काढतं पस्तीस. कान तपासले तर ठणठणीत! मग प्रगतिपुस्तकात शेरा पडतो, 'लक्ष देत नाही.' हा शेरा चुकीचा असू शकतो, हे कळायला किती काळ लागला, ते आज आपण पाहू.

मुंबईत या कामाची सुरुवात बहिरेपणापासून झाली. १८८५ च्या सुमारास बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने इथे कर्णबधिर मुलांची शाळा निघाली. देशातली ती पहिली मानली जाते. तेव्हा प्रश्न एकच होता, मुलाला ऐकू येतं की नाही?

दुसरा प्रश्न १९५४ साली इटलीत पुढे आला. एत्तोरे बोक्का आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या कानशिलाकडच्या भागात गाठ असलेले रुग्ण तपासले. यंत्रावरचे साधे सूर त्यांना नीट ऐकू येत. पण मुद्दाम अस्पष्ट केलेले शब्द गाठीच्या विरुद्ध बाजूच्या कानात ऐकवले, की ते अडखळत. म्हणजे आवाज कानात पोचणं वेगळं आणि मेंदूने त्यातून शब्द ओळखणं वेगळं. आपल्या वर्गातल्या मुलाला गाठबीठ नसते. पण गोंगाटातून शब्द वेगळा काढणं त्याला जड जाऊ शकतं.

मुंबईत १९६६ साली नायर रुग्णालयाच्या टोपीवाला महाविद्यालयात श्रवण आणि वाचा-उपचाराचं पदवी शिक्षण सुरू झालं. १९८३ साली वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था उभी राहिली. मुलाच्या बोलण्या-ऐकण्याकडे पाहणारी प्रशिक्षित माणसं आपल्याला अशी मिळाली.

आता प्रत्यक्ष प्रशिक्षण. 'ताक' की 'टाक', 'गाडी' की 'काडी', हे आधी शांत खोलीत ओळखायचं, मग मागे थोडा गोंगाट ठेवून. एक सूचना जमली की दोन, मग तीन. शब्द मात्र मुलाच्या घरच्या भाषेतले हवेत.

पण खास यंत्रांच्या जाहिरातींना भुलू नका. २००८ साली अमेरिकेत भाषेची अडचण असलेल्या २१६ मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना आवाज ओळखण्याचे खास संगणकीय खेळ दिले, काहींना तज्ज्ञाची वैयक्तिक शिकवणी, तर काहींना साधे शालेय विषयांचे खेळ. भाषेच्या मुख्य चाचणीत सगळेच गट सुधारले. खास खेळवाले काही पुढे गेले नाहीत.

म्हणून आम्ही पालकांना सांगतो, आधी श्रवणचाचणी करा, मग वाचा-उपचारतज्ज्ञाला भेटा. आणि शिक्षकांनो, मुलाला पुढच्या बाकावर घ्या, त्याच्याकडे तोंड करून बोला, फळ्यावर '२५' लिहा. तेवढ्याने अडचण जाणार नाही. पण मूल बरोबर पान काढेल आणि तो शेरा लिहायची वेळ येणार नाही.