बुरणूस

ओली लोकर पहिल्यांदा हाताखाली येते तेव्हा ती नुसती निसटत राहते. पिंजलेल्या लोकरीचे तीन-चार पातळ थर आडवे-उभे पसरायचे, त्यावर कोमट साबणाचं पाणी शिंपडायचं, वर जाळीचं कापड टाकायचं आणि तळहातानं चोळत बसायचं. शिकवणारे पुन्हा पुन्हा बजावतात, दाबू नका, आधी हलकं चोळा. बराच वेळ काहीच होत नाही, बोटांच्या चामडीला सुरकुत्या पडतात. मग थराची चिमूट धरून पाहावी, तर सुटा तंतू हाती न येता सगळा थरच वर उचलला जातो. सूत नाही, माग नाही, शिवण नाही, तरी कापड तयार.

लोकरीच्या प्रत्येक तंतूवर माशासारखे बारीक खवले असतात. ऊब, ओल आणि साबण यांनी ते उघडतात. चोळताना तंतू एकाच दिशेनं सरकत एकमेकांत शिरतात आणि खवले अडकले की मागे फिरू शकत नाहीत. कापसाचं असं होत नाही. धुण्यात चुकून गरम पाणी वापरल्यानं लोकरीचा स्वेटर आटून लहान मुलाच्या मापाचा झाला, हा अनुभव पुष्कळ घरांत असतो. तेही हेच.

मुंबई आणि उपनगरांतल्या हस्तकला कार्यशाळांत या कामाला आता सगळे फेल्टिंगच म्हणतात. शिकायला मऊ मरिनो लोकर वापरतात, ती रंगवून, गुंडाळून, पाकिटातून येते. त्यामुळे ही कला परदेशातून आली असं शिकणाऱ्याला वाटलं तर त्यात त्याचा दोष नाही. पण मराठीत तिला जुना शब्द आहे, बुरणूस. अरबीत हा शब्द टोपीसह शिवलेल्या लोकरी झग्यासाठी आहे. मराठीनं तो उचलला आणि न विणता, दाबून केलेल्या जाड लोकरी कापडाला दिला. फारसीतून आलेला नमदाही त्याच्याच जवळचा. कोल्हापूर-बेळगावकडे अशा कापडाच्या बसकराला जेन किंवा जान म्हणतात.

मुंबईलगतच्या मीरा-भाईंदरला या शब्दाची आठवण करून देण्याला एक कारण आहे, ते म्हणजे घोडा. तिथल्या महापालिकेच्या हद्दीतच, वसईच्या खाडीवर घोडबंदरचा किल्ला आहे. पोर्तुगिजांनी बांधलेल्या या किल्ल्याखालच्या बंदरावर घोड्यांचा व्यापार चाले आणि त्यावरूनच गावाला हे नाव पडलं, असं सांगितलं जातं. शिवाजी महाराजांच्या फौजेनं १६७२ मध्ये केलेला हल्ला पोर्तुगिजांनी परतवला. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत किल्ला मराठ्यांकडे आला आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. गलबतातून घोडे उतरत असतील तर त्यांच्या पाठीवर काय पडत होतं, हा प्रश्न ओघानं येतोच. खोगिराखाली घाम शोषणारं, पाठ सोलू न देणारं काहीतरी जाड लागतं, आणि जगभर त्यासाठी फेल्टला तोड नव्हती. सैबेरियाच्या अल्ताई डोंगरांत पाझिरिकची थडगी १९२९ मध्ये आणि पुढे १९४७ ते १९४९ या काळात उकरली गेली. तिथल्या बर्फात सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची फेल्टची खोगिरं आणि झुली रंगांसकट टिकून राहिल्या होत्या. अकबराच्या आजारी घोड्याला ऊब मिळावी म्हणून नुबी नावाच्या कारागिरानं पहिला नमदा केला, अशी आख्यायिका आपल्याकडे आहे. इतिहास म्हणून ती धरता येत नाही, पण घोड्याचं आणि नमद्याचं नातं लोकांच्या मनात किती घट्ट होतं हे तिच्यावरून कळतं. मराठीतल्या 'खोगीरभरती'तही त्याच पागेचा वास आहे.

बुरणूस-नमद्याचं हे काम करणारे पिंजारी. नदाफ हे आडनाव कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे आजही भेटतं. अरबीत त्याचा अर्थच कापूस पिंजणारा. कमानीच्या तातीवर ठोका दिला की तिच्या थरथरीनं कापूस फुलतो, तशीच लोकरही फुलते. फुललेली लोकर चटईवर अंथरायची, साबणाचं पाणी मारायचं, चटईसकट गुंडाळी करून घट्ट बांधायची आणि हातापायांनी लोळवत राहायची. मग उघडायची, फिरवून पुन्हा बांधायची. कच्छचे पिंजारा आणि राजस्थानातल्या टोंकचे कारागीर नमदा याच रीतीनं करत आले. घरात हे वेगळं शिकवावं लागत नसे. गुंडाळी लोळवायला मोठ्यांबरोबर उभं राहिलं की कुठे किती जोर लावायचा ते पायांना समजत जातं. कार्यशाळेच्या तीन तासांत तेवढं शिकता येत नाही, पण चोळताना हाताला येणारा पहिला घट्टपणा तोच असतो.

सुईनं टोचून खेळणी करायची रीत मात्र खरोखर नवी आहे. काटेरी सुया कारखान्यातल्या यंत्रांसाठी घडवल्या होत्या. १९८०च्या दशकात अमेरिकेत डेव्हिड आणि एलिनॉर स्टॅनवुड या दांपत्यानं त्यांतली एकेक सुई हातात धरून काम करून पाहिलं, आणि तिथून हा छंद जगभर गेला.

खरी खंत वेगळीच आहे. ऑस्ट्रेलियाची लोकर पाकिटातून येत असताना दख्खनी मेंढी अगदी जवळ चरत असते. दिवाळीनंतर पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीकडचे धनगर कळप घेऊन घाट उतरतात आणि भिवंडी, वाड्याकडच्या भातखाचरांत मेंढरं बसवतात. लेंडीखतासाठी शेतकरी त्यांना धान्य किंवा पैसे देतो. लोकर मात्र कोणी विचारत नाही. वर्षातून दोनदा ती कातरावी लागते आणि तिला मिळणाऱ्या भावातून कातरणीची मजुरीही सुटत नाही. ही लोकर काळी, राठ, केसाळ. मरिनोसारखी झटपट जमत नाही, जास्त पाणी आणि जास्त जोर मागते. गळ्याभोवती गुंडाळायला ती टोचेल, पण बसकराला, जमिनीवर टाकायच्या आसनाला चांगली. याच लोकरीच्या सुताची घोंगडी सनगर विणकर खड्ड्यातल्या मागावर विणतात आणि वरून चिंचोक्याची खळ देतात. पावसात गुराख्याला तिनं पिढ्यान्‌पिढ्या कोरडं ठेवलं आहे. शिकायला आलेल्यांच्या पुढ्यात एकदा तरी या लोकरीची मूठ पडायला हवी. हात भरून येतील, पण काय लोळवतो आहोत ते कळेल.

हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत ही लोकर अजून मानानं उधळली जाते. दसऱ्यानंतर भरणाऱ्या या यात्रेत भंडाऱ्याचा पिवळा ढग उठतो, खारीक-खोबरं हवेत उडतं, त्यांच्याबरोबर लोकरीचे पुंजके उडतात आणि लोकांच्या पटक्यांत, केसांत, खांद्यांवर येऊन बसतात. त्यातला एखादा पुंजका घामेजल्या तळव्यांत धरून कोणी नुसता चोळत राहिलं तरी थोड्या वेळानं त्याची गोळी होते, पिवळट, टणक.