अकरा ते बारा, रोपवाटिका

नैरोबीहून निघालेली तुमची मिनीबस थिका रोडवरून उत्तरेला धावतेय. मागच्या बाकांवर अंताक्षरी रंगली आहे. पुढे बसलेल्या प्राध्यापकांच्या हातात छापील वेळापत्रक आहे: अकरा ते बारा रोपवाटिका, मग जेवण, मग पुढची संस्था. विद्यापीठाचा अभ्यासदौरा, विषय सामाजिक उद्योजकता. मुरांगाच्या उतारावर, चहाच्या मळ्यांच्या कडेला, लाल मातीच्या अंगणात काही बायका तुमच्यासाठी ताटकळल्या आहेत. स्वागताचं गाणं होतं, भरपूर दुधाचा चहा येतो, फोटो निघतात. मग तुमच्यातलं कोणीतरी विचारतं, "तुमचं हे मॉडेल इतकं मोठं कसं झालं?" तोवर बारा वाजायला दहाच मिनिटं उरलेली असतात.

दहा मिनिटांत याचं उत्तर देणं कोणालाच जमायचं नाही. त्यासाठी मागे जावं लागेल. चला.

पहिला थांबा याच रस्त्यावरचा, पण वेगळ्या गोष्टीतला. साल 2005, ऑक्टोबर, थिका. तुम्ही एका दुकानात रांगेत उभे आहात. सूक्ष्म कर्जांचे हप्ते मोबाइलवरून भरता यावेत म्हणून इथे आणि नैरोबीत सुमारे 500 कर्जदारांवर एक चाचणी चालली आहे. पैसा काही अंशी ब्रिटिश सरकारच्या मदतनिधीतला, तंत्र व्होडाफोन आणि सफारीकॉम या मोबाइल कंपन्यांचं. तुमच्या पुढची बाई काउंटरवर नोटा मोजते, बटणांचा छोटा फोन दोन्ही हातांत धरून संदेशाची वाट बघते, तो आला की आकडा दोनदा वाचते आणि बाहेर पडते. तिला हप्ता भरायचाच नाही. रोख अंगावर घेऊन वाटेने जायला नको, म्हणून इथे भरलेले पैसे ती थोड्या वेळाने दुसऱ्या दुकानातून काढून घेणार आहे. बाकीचे एकमेकांनाच पैसे पाठवताहेत. आखणाऱ्यांनी हे पाहिलं आणि, त्यांचा मोठेपणा हा की, ते मानलंही. मार्च 2007 मध्ये ही सेवा एम-पेसा या नावाने बाजारात आली तेव्हा हप्त्यांचा विषय मागे पडला होता. गावी पैसे पाठवा, एवढंच जाहिरात सांगत होती. या कथेचं श्रेय बहुतेक वेळा तंत्रज्ञांना दिलं जातं. माझ्या मते त्यातला निम्मा वाटा रांगेतल्या त्या बाईचा आहे.

आणखी मागे, आता रोपवाटिकेच्या गोष्टीकडे. 1989 चं वर्ष सरत आलंय. उहुरू पार्कच्या गवतावर सहकुटुंब माणसं पसरली आहेत, तळ्यात होड्या फिरताहेत. नैरोबीच्या गरिबाला फुकट बसता येईल अशा मोजक्या जागांपैकी ही एक. सत्ताधारी पक्षाच्या वृत्तपत्रसंस्थेला इथे 60 मजली मनोरा हवा आहे, शेजारी राष्ट्राध्यक्ष मोई यांचा पुतळा. बायकांच्या हातून झाडं लावणाऱ्या ग्रीन बेल्ट मूव्हमेंटच्या कार्यालयात तिच्या संस्थापक वांगारी मथाई पत्रांमागून पत्रं लिहिताहेत: सरकारी खात्यांना, राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाला, ब्रिटिश उच्चायुक्तांना. उत्तर येतं ते संसदेतून. त्यांच्या संघटनेला घटस्फोटित बायकांची टोळी म्हटलं जातं. डिसेंबरात मोई जाहीर भाषणात सुनावतात की आफ्रिकी परंपरेतल्या बाईने पुरुषांचा मान राखावा आणि गप्प बसावं. कार्यालय सरकारी इमारतीत, तेव्हा ते रिकामं करण्याचा हुकूम निघतो. फाइली, टाइपरायटर, माणसं, सगळं मथाईंच्या राहत्या घरी हलतं. तुम्हीही एक खोकं उचला आणि आत नेऊन ठेवा. पुढे परदेशी गुंतवणूकदार मागे सरले आणि तो मनोरा कधीच उभा राहिला नाही. सामाजिक उद्योगाच्या आराखड्यात उत्पन्नाला रकाना असतो, वाढीला असतो. एका बागेसाठी सरकारशी वैर घेण्याला कोणता रकाना द्यायचा?

आता जरा जास्त वेळ थांबायचं आहे, 1970 च्या दशकात. गोठ्याच्या कुंपणाशी एक तरुण प्राध्यापिका, म्हणजे याच मथाई, वाकून गाईच्या कानामागची गोचीड काढतेय. पूर्व आणि मध्य आफ्रिकेतली डॉक्टरेट मिळवणारी ही पहिली स्त्री, पदवी 1971 ची. नैरोबी विद्यापीठात ती प्राण्यांचं शरीरशास्त्र शिकवते आणि गोचीडतापाच्या संशोधनासाठी खेड्यांत येते. तुमच्यासारखीच विद्यापीठातून आलेली पाहुणी. पण तिची नजर गोचिडीवरून गाईच्या फासळ्यांवर जाते, तिथून उघड्या टेकडीवर, मातीने लाल झालेल्या नदीवर. न्येरीजवळच्या तिच्या माहेरच्या गावात अंजिराच्या कुळातलं एक जुनं, पवित्र मानलेलं झाड होतं आणि जवळच झरा. चहाची लागवड आली, झाड तोडलं गेलं, झराही आटला. केनियाच्या महिला परिषदेच्या बैठकांत ग्रामीण बायका तिला सांगतात: सरपण नाही, स्वच्छ पाणी नाही, हातात पैसा नाही. सरपण नाही म्हणून पटकन शिजेल ते पोरांना घालतो, आणि पोरं वाळत चालली आहेत.

पहिला प्रयत्न कंपनीचा होता. पतीने 1974 च्या निवडणुकीत लोकांना रोजगाराचं वचन दिलेलं, ते पाळायला मथाईंनी एन्व्हायरोकेअर ही रोपांची कंपनी काढली. पैसा पुरला नाही, रोपं वाळली, कंपनी बसली. तुमच्या दौऱ्यातल्या एकाही सादरीकरणात हे अपयश यायचं नाही.

मग 5 जून 1977, ग्रीन बेल्ट मूव्हमेंटची सुरुवात. नैरोबीतल्या केन्याटा सभागृहापासून निघालेल्या मिरवणुकीत तुम्हीही चालताय. कामुकुंजी इथे सात रोपं लावली जातात. पुढे मथाई वनखात्याच्या प्रमुखांना भेटतात आणि म्हणतात, केनियातल्या दर माणशी एक, म्हणजे दीड कोटी झाडं लावायची आहेत. ते हसतात आणि हवी तेवढी रोपं फुकट न्या म्हणतात. वर्ष उलटायच्या आत त्यांना शब्द मागे घ्यावा लागतो, कारण बायका खरंच तेवढी रोपं उचलायला लागलेल्या असतात.

वनाधिकारी बायकांना शिकवायला येतात ते जमिनीचा उतार, अवजारं, पदविकेची भाषा घेऊन. बायका सगळं ऐकून घेतात आणि घरी जाऊन आपल्या पद्धतीने रोपं करतात. त्या परसात उकिडवे बसा. फुटक्या मडक्यात बोटभर माती, रानातून वेचलेलं बी, वरून ओंजळीने शिंपडलेलं पाणी. बी रुजवणं त्यांना आईकडून आलेलं आहे. मोबदला मिळतो, रोपामागे साधारण 4 अमेरिकी सेंट, आणि तोही लावलेलं रोप जगलं असेल तरच. मला या सगळ्या चळवळीत ही अट सर्वांत मोलाची वाटते. दरवर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप लावून फोटो काढणाऱ्या आपल्याकडच्या वृक्षारोपणांना तिची फार गरज आहे.

या चळवळीने पुढे कोट्यवधी झाडं लावली. 2004 साली मथाईंना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला, आफ्रिकी स्त्रीला मिळालेला पहिलाच. 2011 मध्ये त्या गेल्या. मुरांगाच्या अंगणात तुमच्यासमोर बसलेल्या म्हातारीने कदाचित अशाच मडक्यांत पहिली रोपं केली असतील. तिला अजून कोणी काही विचारलेलं नाही, कारण इंग्रजी तिच्या सुनेला येतं.

तुमच्या विद्यापीठाचा असा दौरा ठरत असेल, तर आयोजकांकडे आग्रह धरा. दिवसाला तीन संस्था नकोत. एकच ठेवा आणि तिथे मुक्काम करा. तिथली किकुयू भाषा जाणणारा दुभाषा बरोबर घ्या. मथाईंचं 'अनबाउड' हे 2006 चं आत्मचरित्र निघण्यापूर्वी वाचा. तिथे गेल्यावर कोणती रोपं मेली, पैसा कधी आटला, कोण सोडून गेलं, हे विचारा, आणि सरपणाच्या गोष्टी निघाल्या तर त्या पुऱ्या होऊ द्या. पुढच्या वर्षीचा गटही त्याच अंगणात न्या.