फोलेट आणि गर्भारपण

फोलेट म्हणजे पालेभाज्या, कडधान्ये, शेंगदाणे यांत निसर्गतः असणारे, पाण्यात विरघळणारे ब-गटातील जीवनसत्त्व. लॅटिनमध्ये ‘फोलियम’ म्हणजे पान. नाव त्यावरून पडले. गोळीत असते ते त्याचे कारखान्यात तयार केलेले, अधिक टिकाऊ रूप, फॉलिक आम्ल. गर्भारपण आणि वनस्पती म्हटले की आपल्याकडे आधी पपईच्या निषेधावर चर्चा सुरू होते. गर्भावरचा ज्याचा परिणाम भक्कम पुराव्याने सिद्ध झाला आहे, ते द्रव्य मात्र मेथी-पालकात मुकाट बसलेले असते.

पेशी दुभंगून दोन होण्यापूर्वी तिला आपल्या डीएनएची नक्कल करावी लागते. त्यासाठी लागणारे कच्चे सामान जुळवण्यात फोलेटचा वाटा असतो. गर्भारपणात गर्भ, वार आणि आईचे वाढते रक्त असे तीन ठिकाणी एकाच वेळी पेशी वाढत असल्याने गरज झपाट्याने चढते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला रोज २२० मायक्रोग्रॅम फोलेट लागते, गर्भवतीला ५७०. ते कमी पडले की अस्थिमज्जेतील तांबड्या पेशी फुगतात, पण त्यांचे विभाजन रखडते. रक्तात मोठ्या आकाराच्या, संख्येने थोड्या पेशी उतरतात आणि पंडुरोग होतो.

या पंडुरोगाचे कोडे मुंबईत सुटू लागले. इंग्लंडच्या डॉक्टर ल्यूसी विल्स (१८८८–१९६४) १९२८ मध्ये गर्भवतींच्या जीवघेण्या पंडुरोगाचा शोध घेण्यासाठी येथे आल्या. परळची हाफकिन संस्था हे त्यांच्या कामाचे ठिकाण. गरीब, विशेषतः निकृष्ट आहारावर जगणाऱ्या मुसलमान स्त्रियांत हा आजार जास्त होता. जंतूंचा माग काढून हाती काही लागेना, तेव्हा विल्स यांनी ताटाकडे लक्ष वळवले. या बायकांच्या जेवणासारखाच आहार त्यांनी पांढऱ्या उंदरांच्या माद्यांना दिला. त्यांना पंडुरोग झाला आणि विण्याआधीच त्या दगावल्या. उवांमुळे पसरणाऱ्या एका जंतुसंसर्गाचाही यात हात होता, हे पुढे कळले. तोवर विल्स योग्य दिशेला लागल्या होत्या. ‘मार्माइट’ हा यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर आजारी स्त्रिया सुधारू लागल्या. हा निष्कर्ष १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अर्कातील अज्ञात द्रव्याला ‘विल्स घटक’ म्हटले जाऊ लागले. यकृताचा जो शुद्ध अर्क दुसऱ्या एका घातक पंडुरोगावर रामबाण ठरला होता, तो या बायकांना लागू पडला नव्हता. कच्चा अर्क मात्र पडला. म्हणजे रक्त घडवणारी द्रव्ये एकाहून अधिक आहेत, हे तेव्हाच दिसले. त्या शुद्ध अर्कातले द्रव्य पुढे बी-१२ म्हणून ओळखले गेले.

१९४१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात चार टन पालकापासून अल्पसे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि ‘फॉलिक’ हे विशेषण रूढ झाले. त्यानंतर काही वर्षांतच लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने ते कृत्रिमरीत्या बनवले.

फोलेटच्या कमतरतेचा दुसरा, अधिक गंभीर परिणाम गर्भावर होतो. ज्या नळीपासून मेंदू आणि मेरुरज्जू घडतात, ती चेतानलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बंद होते. बहुतेकींना तोवर दिवस गेल्याची नीट खात्रीही नसते. नळी खालच्या बाजूला उघडी राहिली तर पाठीच्या कण्यात खोट राहते, वरच्या बाजूला राहिली तर मेंदू आणि कवटीच पुरती घडत नाही. ज्यांचे आधीचे मूल अशा व्यंगाचे होते, अशा स्त्रियांवर सात देशांत झालेल्या ब्रिटिश चाचणीत रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक आम्लाने व्यंग पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. फायदा इतका स्पष्ट होता, की चाचणी मुदतीआधीच थांबवून १९९१ मध्ये निकाल जाहीर करण्यात आला. इतर स्त्रियांसाठी शिफारस रोज ४०० मायक्रोग्रॅमची, तीही गर्भधारणेच्या आधीपासून. दवाखान्यात नाव घालून मग गोळी सुरू करण्याची आपल्याकडची रीत या कामापुरती उशिराचीच. अपस्माराच्या काही औषधांनी, विशेषतः व्हॅल्प्रोएटने, हा धोका वाढतो. तेथे मात्रा डॉक्टरच ठरवतात.

नुसत्या भाजीवर भागेल का? पालक, मेथी, चवळी, हरभरा, मूग यांत फोलेट चांगले असते, मोड आणल्यावर ते वाढते. पण ते उष्णतेने नासते आणि पाण्यात उतरते. भाजी चिरून मग धुवायची, उकळून पाणी ओतून द्यायचे, अशा स्वयंपाकात त्यातले बरेचसे मोरीत जाते. शिवाय अन्नातले फोलेट गोळीतल्याइतके सहज शोषले जात नाही.

महाराष्ट्रातील चित्र मात्र विल्स यांच्या मुंबईहून वेगळे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांतील मातांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वरचेवर खाणाऱ्या स्त्रियांची बाळे आकाराने मोठी होती. फोलेटची कमतरता जवळजवळ नव्हतीच, तपासलेल्यांत अवघ्या एकीच्या रक्तपेशींत ते कमी आढळले. उलट दोनतृतीयांश स्त्रियांत बी-१२ कमी होते. हे जीवनसत्त्व कोणतीही भाजी देत नाही. दूध, अंडी, मासे, मांस हेच त्याचे भरवशाचे स्रोत, आणि आपल्याकडे दूध बरेचदा चहापुरतेच असते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, गर्भारपणात फोलेट जास्त पण बी-१२ कमी असलेल्या मातांची मुले सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वाधिक दाद न देणारी होती. मधुमेहाकडे नेणारी ही वाट. शिवाय फॉलिक आम्लाने रक्त सुधारलेले दिसते आणि बी-१२ च्या अभावाने मज्जातंतूंना पोचणारी इजा झाकली जाते.

‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ योजनेत गर्भवतीला चौथ्या महिन्यापासून मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. बी-१२ त्या गोळीत नाही; पोषणयुक्त तांदळात मात्र ते या दोन्हींसोबत मिसळले जाते.