गण बदलला तेव्हा

संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ रोजी स्वीकारला. ‘माणुसकीचे हक्क’ हा शब्दप्रयोग मात्र त्याच्या दोन दशके आधी, १९२७ च्या महाड सत्याग्रहाच्या काळात, महाराष्ट्रातल्या अस्पृश्यांच्या चळवळीत रुळलेला होता. सार्वजनिक तळ्याचे पाणी हा हक्क आहे, कोणाचा उपकार नव्हे, ही भूमिका डॉ. बाबासाहेब आंबेडकर ‘मूकनायक’ (१९२०) आणि ‘बहिष्कृत भारत’ (१९२७) या पत्रांतून मांडत होते. परंतु ज्यांच्यासाठी ती मांडली जात होती त्यांपैकी बहुतेकांना अक्षरओळखच होऊ दिलेली नव्हती. छापील पान आणि ही माणसे यांच्यातले अंतर ज्यांनी तोडले त्यांत जलसाकारांचा वाटा फार मोठा आहे, आणि चळवळीच्या इतिहासात त्यांना तोंडी लावण्यापुरती जागा मिळावी हे अन्यायाचे आहे.

जलसा हा मूळचा अरबी शब्द असून त्याचा अर्थ बैठक किंवा मेळावा असा होतो. महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या आरंभी त्याला निराळा अर्थ चिकटला तो सत्यशोधक समाजामुळे. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात स्थापन केलेल्या या समाजाचे विचार खेड्यापाड्यांत नेण्यासाठी कार्यकर्त्यांनी नवे साधन घडवले नाही, तर गावाला तोंडपाठ असलेला तमाशाच हाती घेतला. स्वतः फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक आणि १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवरचा पोवाडा रचून ही वाट आधीच दाखवली होती. सातारा भागात १९२० च्या आगेमागे कुळांनी जमीनदार आणि सावकारांविरुद्ध जो उठाव केला, त्यामागे अशा जलशांनी तयार केलेले लोकमत होते.

तमाशाचा बांधा पक्का असतो. आधी गण, म्हणजे गणपतीचे स्तवन; मग गौळण, म्हणजे मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या वाटेत अडवतात तो प्रसंग; त्यानंतर बतावणी, म्हणजे हजरजबाबी सवालजवाब; आणि शेवटी वग, म्हणजे राजा-प्रधानाची कथा. जलसाकारांनी हा क्रम मोडला नाही, त्याच्या आतले दैवत बदलले. सत्यशोधक जलशात गणपतीच्या जागी सृष्टीच्या निर्मिकाचे, म्हणजे फुल्यांनी मानलेल्या निर्मात्याचे, स्तवन आले. आंबेडकरी जलशात पुढे तेथे भीमराव आंबेडकरांची आणि बुद्धाची वंदना आली. गौळणीतला शृंगार गळाला किंवा बदलला. वगातले राजा-प्रधान गेले आणि पाटील, सावकार, भटजी, तलाठी रंगमंचावर चढले. गण ऐकताच प्रेक्षकाचे कान सवयीने टवकारत आणि सवयीच्या त्याच जागी त्याला वेगळाच शब्द ऐकू येई. या क्षणी जलशाने जे साधले ते भाषणाला साधणे कठीण होते, कारण भाषण ऐकणारा आपल्याला काही शिकवले जात आहे या जाणिवेने सावध होऊन बसतो, तर गण ऐकणारा आधीच त्या सुरात मान डोलवत असतो.

यामागे आणखी एक गोष्ट आहे, आणि ती अधिक महत्त्वाची मानावी लागेल. तमाशाच्या फडातले कलावंत बहुतांशी महार, मांग आणि कोल्हाटी समाजांतले होते. मांगाने लग्नात, मिरवणुकीत हलगी वाजवायची हे जातीने लादलेले काम होते, आणि वाजवणाऱ्याला वाद्यासकट मांडवाबाहेर उभे राहावे लागे. जलशात तेच कलावंत आणि तीच ढोलकी, तुणतुणे, डफ, झांज ही वाद्ये होती. फरक इतकाच की आता ते दुसऱ्याच्या समारंभासाठी नव्हे, तर स्वतःच्या वस्तीसाठी, महारवाड्याच्या अंगणात वाजवत होते.

या कलावंतांपैकी नाशिक भागातले भीमराव कर्डक यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते, कारण त्यांनी जलसा उभा केला आणि पुढे ‘आंबेडकरी जलसे’ या पुस्तकात त्याची हकीकतही लिहून ठेवली. जलशांचे विषय व्याख्यानातले नव्हे, रोजच्या जगण्यातले होते: मेलेले जनावर ओढणे आणि त्याचे मांस खाणे सोडणे, मुलाला शाळेत घालणे, दारू, सावकाराचे व्याज, आणि विशेषतः महार वतन. वतन म्हणजे तुटपुंजी जमीन आणि बलुते यांच्या बदल्यात गावाची आणि सरकारची वेठ करण्याची पिढीजात बांधिलकी. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. मात्र वतन हा मान नसून बेडी आहे हे घराघरांत पटवण्याचे काम विधेयकाच्या कलमांनी होणारे नव्हते. ते वगातल्या पाटील-महाराच्या सवालजवाबांनी केले.

या कार्याची एक बाजू अस्वस्थ करणारी आहे आणि ती झाकून चालणार नाही. महाडच्या काळात तमाशासम्राट पठ्ठे बापूराव यांनी देऊ केलेली आर्थिक मदत आंबेडकरांनी नाकारली, कारण तो पैसा दलित स्त्रियांना फडावर नाचवून मिळवलेला होता, अशी हकीकत सांगितली जाते. नकारामागची तत्त्वनिष्ठा निर्विवाद आहे. तथापि तमाशापासून अंतर राखण्याच्या भरात जलशाच्या रंगमंचावर स्त्रीच उरली नाही. तिची भूमिका पुरुष करत राहिले, आणि ज्या कलेने चळवळीला बांधा दिला त्या कलेतल्या बाईच्या वाट्याला सन्मानाऐवजी बोल आले.

स्त्रियांचा स्वर आला तो जात्यावरून. समोरासमोर बसून, एकाच खुंट्याला हात लावून, पहाटेच्या दळणाबरोबर बायका ओव्या गात आल्या होत्या. विसाव्या शतकात त्या ओव्यांत विठ्ठल-रुक्मिणीच्या शेजारी भीम आणि त्यांच्या पत्नी रमा येऊन बसले. पुण्याच्या हेमा राईरकर आणि त्यांचे फ्रेंच सहकारी गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकापासून खेडोपाडी हिंडून १ लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरमधल्या ओव्याही आहेत. ना रंगमंच, ना प्रेक्षक असलेल्या या गाण्याने हक्काचा विचार स्वयंपाकघरापर्यंत नेला, जिथे जलसाही पोहोचला नव्हता.

स्थानिक वाटणाऱ्या या धडपडीचे धागे आरंभापासून बाहेरच्या जगाशी जोडलेले होते. फुल्यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ निग्रोंच्या दास्यमुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केला. आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मागवल्या, कारण भारतातल्या अस्पृश्यांनीही तसेच करावे असे घाटत होते. मुंबईत १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले, आणि २००१ मध्ये दर्बान येथील वर्णद्वेषविरोधी जागतिक परिषदेत दलित कार्यकर्त्यांनी जातीचा प्रश्न भारत सरकारचा विरोध असतानाही मांडला. शाहिरीचा प्रवासही असाच दुहेरी झाला. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने (१९४४) तमाशाला लोकनाट्याचे रूप दिले. वाटेगावहून चालत मुंबईला आलेल्या अण्णाभाऊंनी स्टॅलिनग्राडच्या लढ्यावर पोवाडा रचला आणि १९६१ मध्ये ते रशियालाही जाऊन आले.

पुढे ध्वनिमुद्रिका आणि कॅसेटी आल्या, आणि जलसा मागे पडून भीमगीत पुढे आले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी प्रौढपणी अक्षरे गिरवली आणि पुढे अगणित गाणी रचली. त्यांच्यासारख्यांची गाणी ज्या पातळ पुस्तिकांत छापली गेली त्यांत गाण्याच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून एखाद्या चित्रपटगीताचे नाव दिलेले आढळते. चाल ओठांवर आधीच असल्याने नवे शब्द एका बैठकीत पाठ होत. गणाच्या जागी निर्मिक बसवणाऱ्यांनी वापरलेली युक्ती हीच होती.

घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी, बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि १० जण मरण पावले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’ या माहितीपटात घोगरे गायले होते. त्याच पटवर्धनांनी पुढे १४ वर्षे कॅमेरा घेऊन दलित वस्त्या, शाहीर, खटले आणि मोर्चे टिपले आणि ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हा तीन तासांहून मोठा माहितीपट केला. परदेशातल्या प्रेक्षकांपर्यंत तो गेला; त्याचबरोबर मुंबईच्या वस्त्यांमध्ये, चाळींच्या उघड्या आवारात तो दाखवला गेला, आणि शाहिरांच्या कवनांना साथ देणारे प्रेक्षक पडद्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले.